उजवा कौल

केंकरे डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या कण्याची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, तेव्हा माझी बायको बाहेर बाकड्यावर बसून कोणाच्या तरी तान्ह्या मुलाला टाळ्या वाजवून दाखवत होती. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे मला दोन्ही दिसत होतं. तिला आत आणायचं नाही हे माझं आणि रुपेशचं गाडीतच ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे काय, आमच्याकडे ते असंच असतं. ज्याचं दुखतं तो बाहेर बसतो आणि ज्यांना काही कळत नाही ते आत जातात.

"हे डाग बघा," बाई पेनाच्या टोकाने दाखवत म्हणाल्या. "दोन मणक्यांत आहे आणि इथे खुब्यात. यकृतावरही एक लहान डाग आहे. सहा वर्षांपूर्वी छातीत होतं तेच आता हाडांत आलंय. हा नवा आजार नाही."

"म्हणजे परत ऑपरेशन?" रुपेशने विचारलं. रुपेश माझा मुलगा, मुंबईत एका औषधांच्या गोदामात सुपरवायझर. औषधांच्या खोक्यांवरची नावं रोज वाचायचा, त्यामुळे आपल्याला त्यातलं थोडंफार कळतं असं त्याला वाटायचं.

"ऑपरेशनने हे निघणार नाही. स्पष्टच सांगते, हे मुळापासून जाणार नाही. पण आटोक्यात ठेवता येतं. काही बायका वर्षानुवर्षं चांगल्या राहतात, काहींना तेवढा वेळ मिळत नाही. मी तारीख सांगत नाही, आणि दुसऱ्या कोणी सांगितली तर ऐकू नका."

मी मान हलवली. गोव्याच्या याच मोठ्या इस्पितळात सहा वर्षांपूर्वी मी इतक्या वेळा मान हलवली होती, की ती आपली आपणच हलायची.

"आता उपाय," बाई खुर्चीत नीट बसल्या. "पाठीच्या दुखण्यासाठी पाच दिवस शेक देऊ, म्हणजे रेडिएशन. हाडं बळकट राहावीत म्हणून महिन्याला एक इंजेक्शन. हे दोन्ही करायचंच. त्यापुढे दोन रस्ते आहेत. एक, रोजची एक गोळी. या गाठीचा प्रकार त्या गोळीला दाद देणारा आहे. घरी राहायचं, महिन्यातून एकदा मला भेटायचं. दुसरा रस्ता किमोचा. दर आठवड्याला इथे यायचं, सलाईनमधून औषध, तीन आठवडे झाले की एक आठवडा सुट्टी. यकृतावरचा डाग लवकर आकसायची शक्यता त्यात जास्त. त्रासही जास्त. तो डाग मोठा असता तर मी गोळीचं नावच काढलं नसतं. लहान आहे, म्हणून दोन्ही सांगतेय."

"जे स्ट्राँग आहे ते द्या," रुपेश म्हणाला.

"स्ट्राँग म्हणजे चांगलं, असं प्रत्येक वेळी नसतं. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. अशा वेळी मी पेशंटलाच विचारते. आत बोलवा त्यांना."

"नको बाई," मी घाईने म्हणालो. "ती घाबरेल."

बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "घाबरलेले तुम्ही दिसताय, गुरव. बरं, घरी जाऊन विचारा. आठ दिवसांत मला कळवा. पण त्यांना विचारा हं."

आम्ही बाहेर आलो. परभाने, म्हणजे माझ्या बायकोने, मांडीवर घेतलेलं ते मूल त्याच्या आईकडे दिलं, पदर सावरला आणि कमरेवर हात ठेवून हळूहळू उठली.

गाडीत ती खिडकीशी बसली. पेडणे मागे पडलं. मग तीच म्हणाली, "काय म्हणाली डाक्टरीण?"

"काय नाय गो आये," रुपेश पुढच्या सीटवरून म्हणाला. "हाडाक जरा सूज आसा."

"सूज," ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "सा वर्सांमागे पण सूजच होती."

बांद्याला चहासाठी गाडी थांबवली, तिथे रुपेशचा धीर सुटला. तीस वर्षांचा घोडा टपरीमागे जाऊन रडला आणि परत येऊन त्याने आईला सगळं सांगून टाकलं. मणके, यकृत, गोळी, किमो, सगळं. परभाने ऐकता ऐकता सगळा चहा प्यायला. कप खाली ठेवला.

"किमो म्हणजे परत तसाच? केस जातले?"

"जातले. पण परत येतले ना."

"आणि गोळये?"

"घराक बसान घेवच्यो."

"बरा," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. मला वाटलं, आता पुढे काहीतरी बोलेल. बोलली नाही. आणि मीही विचारलं नाही, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायला नको.

आता मी कोण ते सांगायला हवं. मी गावच्या रवळनाथाचा गुरव. आजोबांपासून पूजा आमच्याकडे आहे आणि पूजेबरोबर कौलही. आमच्या भागात माणूस अडला की देवाला कौल लावतो. कुठे देवाला तांदूळ लावतात, कुठे फुलाच्या कळ्या. आमच्याकडे तुळशीची दोन पानं. ती पाण्यात बुडवायची, एक देवाच्या उजव्या खांद्याखाली चिकटवायचं, एक डाव्या. गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. आधी जे पान पडेल तो देवाचा शब्द. पडलेलं पान विचारणाऱ्याच्या हातावर प्रसाद म्हणून द्यायचं, त्याने ते खायचं, की विषय मिटला. त्यानंतर गावात त्यावर कोणी वाद घालत नाही.

तीस वर्षांत माझ्या हातून काय काय विचारलं गेलं. मुलगी या घरात देऊ का, विहीर कुठे खणू, हरवलेली म्हैस कोणत्या दिशेला गेली. एका पठ्ठ्याने पंचायतीला उभा राहू का म्हणून विचारलं, देवाने त्याला दोन वेळा डावा, म्हणजे नकार, दिला, तरी तो उभा राहिला आणि सणकून पडला. मी सगळ्यांची पानं सारखी भिजवली. माझ्या बापाने मला पहिल्या दिवशी बजावलं होतं, "दोनय पाना सारकी भिजव. तुका काय व्हया ता भायर पायऱ्येर ठेवन ये." आपल्याला काय हवं ते आत न्यायचं नाही. कारण ज्याने पाच-पन्नास कौल लावले आहेत त्याला एक गोष्ट आपोआप कळते. भिजलेलं पान दगडाला धरून राहतं, कोरडं पान सुटतं. ती गोष्ट कळते, आणि कळूनही करायची नाही, यालाच गुरवपण म्हणतात. मी कधी केली नव्हती. याचा मला थोडा माजही होता.

घरी आल्यावर चार दिवस गेले. रुपेश आठ दिवसांची रजा काढून आला होता, तो रोज आईच्या मागे लागायचा.

"आये, किमो घेवया गो. मी मुंबैसून दर म्हयन्याक येतलंय."

"बघूया," ती म्हणायची आणि चुलीतली लाकडं सारायची.

दर महिन्याला येईन, असं तो म्हणाला. दर आठवड्याला कोण नेणार, हे घरात कोणी बोललं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी मीच नेलं होतं. पहाटे उठायचं, देवाची पूजा आटपायची, पेज करून डब्यात भरायची, तिला गाडीत घालायचं, तिथे रांगेत उभं राहायचं, कागद या खिडकीतून त्या खिडकीत न्यायचा, येताना तिच्या तोंडापुढे पिशवी धरायची. तेव्हा मी पंचेचाळीसचा होतो. आता एक्कावन्नचा होतो, गुडघे बोलायला लागले होते. मी तिला कधी 'कंटाळलो' म्हटलं नाही. पण दमलेल्या माणसाला तसं म्हणावं लागतच नाही. उठता-बसता त्याचा आवाज येतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या अंगणात दोरीवर काहीतरी वाळत घालत होती. पाहिलं तर तो जुना निळा सुती रुमाल. पहिल्या किमोत केस गेले तेव्हा डोक्याला बांधायची तो. सहा वर्षं ट्रंकेच्या तळाशी होता.

"ह्यो खंयसून काढलंस?" मी विचारलं.

"वास येय होतो तेका," ती म्हणाली.

मला वाटलं, बाई ट्रंक आवरतेय. बायका आजारपणात ट्रंका आवरतात, हे मी पाहिलं होतं आणि त्याचा अर्थही मी माझा मीच लावला होता.

त्याच संध्याकाळी ती पडवीत माझ्याशेजारी येऊन बसली. तिने तांदूळ निवडायला घेतले होते.

"ओ," ती म्हणाली, "समजा तुमका दर आठवड्याक गोव्याक जावचा लागला, तर थंय पुजेक कोण रवात?"

तिला बरं वाटेल असं काही मला बोलता आलं असतं. बघू, मिळेल कोणी, एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मी एक मोठा सुस्कारा सोडला. तो सुस्कारा मला अजून ऐकू येतो.

"कोण रवतलो गे? काकाचो झील आसा, पण तेका सकाळी उठाक होयना. एकदा ठेवलंय तर समयेत तेल घालूक इसारलो. आणि माझे गुडघे असे. गाडयेत तीन तास बसान खाली उतारतंय तेवा पाय माझे नसतत. बघूया, देव काय ता करीत."

ती तांदूळ निवडत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मगे देवाकच इचारूया."

"काय?"

"कौल लावूया. किमो की गोळये. देव सांगात ता करूया. रुपेश पण मगे काय बोलाचो नाय."

मला एकदम सुटल्यासारखं झालं. मी तिच्या बोलण्याचा सरळ अर्थ असा घेतला, की हिला किमो नको आहे, पण पोराचं मन मोडवत नाही, म्हणून ती देवाला मध्ये घालतेय. पहिल्या वेळच्या शेवटच्या किमोनंतर ती न्हाणीच्या कट्ट्यावर बसून म्हणाली होती, "परत असला काय करू नकात माका." ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. माझ्या कामाचं होतं ना ते.

रुपेशने थोडी कुरकुर केली. "बाबा, ह्या काय इचारूचा आसा देवाक? डाक्टरांका इचारूचा." पण कोकणातला पोरगा कितीही वर्षं मुंबईत राहिला तरी रवळनाथासमोर त्याचा आवाज खाली येतो. शेवटी तो म्हणाला, "ठीक हा. देव किमो म्हणालो तर मी एक दिवस पण थांबाचंय नाय हां."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर आम्ही तिघं देवळात गेलो. दुसरं कोणी नव्हतं. तुळशीची पानं परभानेच खुडून आणली होती. लग्न होऊन आल्यापासून कौलाची पानं तीच खुडायची, सारख्या आकाराची, न किडलेली. तांब्याच्या ताम्हनात ती घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी राहिली. उभं राहायला त्रास होत होता, तिने एक हात चौकटीला धरला. रुपेश तिच्या मागे होता.

तिच्या हातातलं ताम्हन घेऊन मी आत गेलो. बाजू मी ठरवल्या. उजवीकडे गोळी, डावीकडे किमो. मोठ्याने सांगितलं, म्हणजे दोघांना कळावं. मग ताम्हनातलं पहिलं पान घेतलं, पाण्यात बुडवलं आणि डाव्या खांद्याखाली लावलं. ते दगडाला छान बसलं. दुसरं पान घेतलं, पाण्यात बुडवलं.

आणि मी ते माझ्या सोवळ्याच्या काठाला पुसलं.

हात आपोआप गेला असं मी लोकांना सांगितलं असतं, पण कोणी कधी विचारलं नाही. हात आपोआप जात नाही. मी अंगठ्याने पानाची एक बाजू पुसली, मग दुसरी पुसली, आणि मनात म्हटलं, देवा, तिला परत ते नको. तिच्यासाठी करतोय मी हे. माझी पाठ त्या दोघांकडे होती. मी पान उजव्या खांद्याखाली टेकवलं आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मागून रुपेश म्हणाला.

"आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या पायाकडे गाऱ्हाणा घातलेला आसा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा."

"तेच्या जिवाक जो मार्ग बरो आसात, तो तू दाखय, म्हाराजा!"

"होय म्हा..." रुपेशचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच उजवं पान सुटलं आणि देवाच्या पायाशी पडलं.

एवढ्या लवकर मी कौल पडलेला कधी पाहिला नव्हता. मलाच दचकायला झालं. रुपेश हुंदका देऊन खाली बसला. काही वेळाने डोळे पुसून म्हणाला, "देवान सांगला ना, मगे झाला."

मी पान उचललं आणि सवयीप्रमाणे परभाच्या हातावर ठेवलं. तीस वर्षांची सवय. पडलेलं पान विचारणाऱ्याच्या हातावर. तिने ते तळहातावर घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, तोंडात घातलं, चावलं. उंबऱ्याला डोकं टेकवलं.

"देवाची इच्छा," ती म्हणाली. "चला, पेज निवता."

रुपेशने केंकरे बाईंना फोन करून गोळी सांगितली. मग पाठीवर पाच दिवस शेक झाला. तेवढे दिवस मी तिला नेलं, आणि गंमत बघा, मला फारसं जड गेलं नाही. दुखणं अर्ध्यावर आलं. रोज सकाळी चहाबरोबर ती गोळी घ्यायची, महिन्याला हाडाचं इंजेक्शन. तिसऱ्या महिन्यात ती कमरेला पदर खोचून फणसाच्या बिया उन्हात पसरायला लागली. पुढच्या तपासणीत डाग वाढला नाही म्हणाले. मी गावात सांगत फिरलो, देवाचा कौल खोटा होत नाही. हे मी सांगत फिरलो, मी.

असं दीड वर्ष चांगलं गेलं. मी ते कमी म्हणत नाही. रुपेशचं लग्न झालं, तिने विहिणीशी मानपानावरून एक छोटं भांडणही केलं आणि त्यातही ती हरली नाही. मग एका श्रावणात तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. यकृतावरचा डाग वाढला होता, शेजारी आणखी आले होते. बाईंनी गोळी बदलून पाहिली. दोन महिन्यांनी म्हणाल्या, "आता किमो झेपणार नाही त्यांना. आता दुखणार नाही एवढं बघू. ते आपण नीट करू."

परभाला रुपेश हाताला धरून बाहेर घेऊन गेला, तेव्हा मी मागे रेंगाळलो.

"बाई, तेव्हाच किमो घेतली असती तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सांगता येत नाही. कदाचित एवढेच दिवस, कदाचित थोडे जास्त, कदाचित कमी. औषध चुकलं असं मी म्हणणार नाही. दोन्ही रस्ते बरोबर होते, म्हणून तर त्यांना विचारा म्हटलं होतं. त्यांनीच निवडलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

शेवटच्या महिन्यात तिचं अंथरूण आम्ही पडवीत घातलं होतं, तिला रस्ता दिसावा म्हणून. कोण कुठे चाललंय यावर ती झोपल्या झोपल्या शेरे मारायची. एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत बसलो होतो. पाय सुजले होते. गावातून कोणीतरी कौल लावायला येऊन गेलं होतं आणि मी नुकताच सोवळं सोडून आलो होतो.

"आज कसलो कौल?" तिने विचारलं.

"बागेची वाटणी."

"पाना सारकी भिजयलास मां?"

माझा हात तिच्या घोट्यावर थांबला. ती माझ्याकडे बघत नव्हती. रस्त्याकडे बघत होती.

"असा कित्याक इचारतंस?"

"काय नाय. माझ्या येळेचा पान कोरडा होता, म्हणान."

माझ्या कानात नुसता गरम वारा भरला.

"हातार ठेवलास तेवाच कळला," ती सावकाश म्हणाली. तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "तरी म्हटला, माका भास झालो आसात. मगे तोंडात घातलंय. जिभेक पाणी लागलाच नाय. इतकी वर्सा मी ती पाना खुडतंय, माका कळाचा नाय?"

"परभा, मी तुझ्यासाठीच..." मी सुरुवात केली. "तूच म्हणालेलंस, परत असला करू नकात. माका वाटला तुका किमो नको."

"ता तेवा म्हणालेलंय. सा वर्सांमागे."

"मगे तुका काय व्हया होता?"

हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारत होतो. गोव्याच्या खोलीतून निघाल्याला दोन वर्षं होत आली होती.

ती जराशी हसली. "माका किमो घेवची होती. केस गेले असते तर गेले असते. मी रुमाल धुवन ठेवलेलंय."

"बोललंस कित्याक नाय?"

"तुमी सुस्कारो टाकलास मां," ती म्हणाली. रागाने नाही. मीठ कमी पडलं हे सांगावं तशी म्हणाली. "म्हटला, मी मागलंय तर तुमी नेतलास. नाय म्हणाचे नाय. पण तुमी दमलेलास. देवान सांगला असता तर तेची गोष्ट येगळी होती. देवान सांगलेला तुमका जड झाला नसता."

"आणि पान कोरडा होता ह्या कळला, तेवा तरी..."

"तेवा काय बोलू? रुपेशासमोर? तेच्या बापाशीक चोर करू?" तिने डोळे मिटले. "आणि माका कळला मां, तुमी किती दमलास ता. देवाक फसयण्याइतके दमलास. मगे म्हटला, ऱ्हवांदे."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तेल कपाळाला लागलं. मला माझी इतकी लाज वाटली, की रडूसुद्धा येईना. सगळा वेळ मी समजत होतो ती दमली आहे. तिला जगायचं होतं. दमलो मी होतो.

"उठा," ती म्हणाली. "कोण तरी येता हा रस्त्यान. काय म्हणतीत, गुरव बायलेच्या पाया पडता."

ती बावीस दिवसांनी गेली. त्याला आता सोळा वर्षं झाली. रुपेशला यातलं काही माहीत नाही. तो अजून गावी आला की देवासमोर उभा राहून म्हणतो, तुझ्या कौलाने आईला दीड वर्ष दिलं. मी त्याला नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही.

कौल मी सोडला नाही. सोडून दिला असता तर ती शिक्षा कमी आणि सुटका जास्त झाली असती. पानं मी आता स्वतः खुडतो आणि दोन्ही इतका वेळ पाण्यात ठेवतो, की कौल पडायला कधी कधी तास लागतो. लोक चुळबुळतात. बसा म्हणतो.

गेल्या वैशाखात शेजारच्या गावातून एकजण रिक्षा करून आला. बायकोच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन सांगितलं होतं, कोल्हापूरला करू की गोव्याला, की आधी गावठी औषध बघू, म्हणून कौल लावायचा होता. सोबत त्याचा भाऊ आणि सासरा होता. तिघे देवळात आले.

"आणि बायको खंय आसा?" मी विचारलं.

"ती भायर. रिक्षेत बसली हा. तिका कित्याक तरास?"

मी ताम्हन खाली ठेवलं आणि बाहेर गेलो. पस्तिशीची बाई होती, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. मला सोवळ्यात येताना बघून गडबडली, उतरायला लागली.

"बस, बस," मी म्हणालो. "गावठी औषधाचो कौल मी लावूचंय नाय, ता आधीच सांगतंय. बाकीचा, बाये, तुका काय व्हया?"

तिने देवळाच्या दाराकडे पाहिलं. तिथे तिचा नवरा उभा होता.

"तेच्याकडे बघू नको," मी म्हणालो. "तुका इचारतंय."

ती परत बसली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. मी रिक्षाच्या दांड्याला धरून उभा राहिलो. गुडघे दुखत होते. पण मला कुठे जायचं नव्हतं.